टिंबाचं अनुदान

रुखमिणीबाईंनी बाजारातून भाव न करता वांगी आणली, त्या दिवशी त्यांचे यजमान भैयाजी मास्तर घाबरले.

कोणी म्हणेल, वांगी आणली तर आणली, त्यात घाबरण्यासारखं काय? पण ज्यांनी रुखमिणीबाईंना साकोलीच्या बाजारात पाहिलंय त्यांना विचारा. वांग्याचे देठ तपासायचे, वांगीवालीच्या सासूची तब्येत विचारायची, चार पावलं निघून जायचं, पुन्हा यायचं. ही बाई भाजी विकत घेत नसे, जिंकून आणत असे. तीच त्या दिवशी मागितले तेवढे पैसे देऊन मुकाट घरी आली आणि पिशवी चुलीपाशी टाकून भिंतीकडे पाहत बसली. वांगी अर्धी किडकी निघाली, तरी वांगीवालीच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला नाही.

तसं हे लेकीच्या, टीनाच्या लग्नापासूनच चाललं होतं. टीना हैदराबादला गेली आणि घरातला आवाजच सोबत घेऊन गेली. रेडिओ बंद. शेजारच्या चंद्रभागाबाईंशी कुंपणावरून रोज व्हायचं ते भांडण बंद. बाई चहा करायच्या, कपात ओतायच्या आणि तो कप तसाच गार व्हायचा. मास्तरांनी एकदा हिंमत करून विषय काढला होता.

"अवं, भंडाऱ्याले जाऊन येऊ का? मनाचा डॉक्टर असते तिथं."

"मी का येडी झाली?" रुखमिणीबाई म्हणाल्या. "लोक काय म्हनतीन? मास्तराची बायको पागल डॉक्टरकडं जाऊन राहिली, हेच ना?"

विषय तिथेच मिटला. एखादा शहाणा नवरा अशा वेळी बायकोजवळ बसला असता आणि नुसतं विचारलं असतं की बाई गं, काय होतंय? पण भैयाजी मास्तरांचं शहाणपण लोकांच्या घरात चालायचं. स्वतःच्या घरात त्यांना कळायचं ते एकच, की प्रश्न असेल तर अर्ज करावा. उभा जन्म मराठी शिकवण्यात गेलेला. पोरांच्या वह्यांतले अनुस्वार, वेलांट्या आणि पोटफोडे ष लाल शाईने दुरुस्त करता करता निवृत्त झालेले. जगात जे जे बिघडतं ते नीट लिहून वर पाठवलं की सुधारतं, अशी त्यांची श्रद्धा होती.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे चौकशी. मास्तरांना कुतूहलाचा आजारच होता म्हणा ना. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागदावर कागद लावलेले असतात. बाकीचे लोक वरचा वाचत नाहीत, मास्तर वरचा उचलून खालचा वाचायचे. तसा तो कागद सापडला. 'सामुदायिक मानसिक व वर्तणूक आरोग्य केंद्रासाठी शासकीय अनुदान.' गावात जागा दाखवा, लाभार्थी दाखवा, केंद्र मिळवा. आठवड्याला डॉक्टर गावात येणार!

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बायको भंडाऱ्याला जात नाही ना? मग भंडाराच आपल्या गावात, एकोडीला आणायचा. साऱ्या गावासाठी केंद्र निघालं तर त्या गर्दीत मास्तरीणबाई गेल्या काय आणि न गेल्या काय, कोण बघतंय? एका बाईला दवाखान्यात न्यायचं म्हणून शासनाची योजना हलवायला निघालेला माणूस भंडारा जिल्ह्यात तरी दुसरा नसेल.

पहिला सल्ला अर्थातच मारोतराव मामांचा. मारोतराव हे गावाचे मामा. कोणाचे सख्खे मामा नव्हते, पण लग्नात अंतरपाटाजवळ आणि भांडणात मध्यस्थीला तेच उभे राहायचे, म्हणून सगळे मामाच म्हणायचे. कागद उलटसुलट पाहून मामा म्हणाले,

"वर्तणूक म्हंजे चालचलन. थो दाखला पोलिसात भेटते, मास्तर. तुमी कायले एवढा कुटाना करून राहिले?"

"मामा, हा दाखला नाही. मनाचं आरोग्य, मनाचं!"

"मन चांगलंच आहे गावाचं. चंद्रभागाबाईचं तेवढं पाहून घ्या."

हीच तर गंमत झाली. लाभार्थ्यांची नावं गोळा करायला मास्तर कोरा कागद घेऊन घरोघरी हिंडले. 'आपल्याला काही मानसिक त्रास?' असं विचारलं की समोरचा माणूस हातातलं काम टाकून शेजारच्या घराकडे बोट दाखवायचा. मला नाही बाप्पा, त्याला विचारा. ज्याला विचारा म्हणाला, तो म्हणाला मामाला विचारा. मामाचं नाव तर निम्म्या गावाने सुचवलं. एक बाई नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आली, "याईची वर्तणूक सुधरवून देता का? भिसीचे पैसे खाल्ले याईनं," म्हणाली. संध्याकाळी कागद पाहिला तर गावातल्या प्रत्येकाचं नाव त्यावर होतं, आणि एकही स्वतःहून आलेलं नव्हतं.

कागद घेऊन मास्तर कुंपणापाशी आले. पलीकडे चंद्रभागाबाई धान पाखडत होत्या. मास्तरांनी तोच प्रश्न विचारला. आधी बाई तडकल्या, सूप आपटलं. मग नीट ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अगा मास्तर! म्हंजे गमत नाई, असं म्हना ना!"

आता हा शब्द जरा समजून घ्या. पुण्यामुंबईकडे म्हणतात करमत नाही, तेच आमच्याकडे गमत नाही. मास्तरांना काय तो शब्द ठाऊक नव्हता? चांगला ठाऊक होता. उन्हाळी सुटीवरच्या प्रत्येक निबंधात 'मले मामाच्या घरी गमले नाही' असं वाक्य यायचं, आणि मास्तर प्रत्येक वेळी त्यावर लाल काट मारून 'करमले' असं लिहायचे. ज्या शब्दाला जन्मभर वहीतून हाकललं, तो असा सुपामागून परत आला.

"मले विचाराल तर मले नाई गमत," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. "तुमच्या बायकोनं भांडन सोडलं ना, तवापासून तर जरासं बी नाई गमत."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शब्द बदलला आणि गाव उघडलं. 'गमते का?' एवढंच विचारायचं. काय सांगू तुम्हाला! ज्याने काल दार लावून घेतलं होतं त्याने आज पाट मांडला. कोणाचा मुलगा पुण्यात, कोणाचा बैल विकला गेलेला, कोणाची सून बोलत नाही. साक्षात मारोतराव मामा, ज्यांना जगात कशाचं काही वाटत नाही अशी गावाची खात्री होती, ते म्हणाले, "लोकाईच्या भांडनात असतो तवर गमते, मास्तर. घरी आलो का नाई गमत." मास्तर चकित होऊन ऐकत राहिले. शेजारी राहणाऱ्या माणसांबद्दल आपल्याला एवढं कमी ठाऊक असावं, याचं त्यांना नवलच वाटलं. मग नवल बाजूला ठेवून त्यांनी सगळ्यांची नावं सुवाच्य अक्षरात लिहून घेतली.

अर्ज भरायला साकोलीला भुपेंद्रच्या ऑनलाइन सेंटरवर गेले. भुपेंद्र त्यांचाच जुना विद्यार्थी. आता हा शहाणा पोरगा कॉम्प्युटरकडे न बघता टाइप करतो, आणि कॉम्प्युटर त्याच्याकडे न बघता शब्द सुधारतो.

"केंद्राचं नाव सांगा, सर."

"लिही. गमत नाही अशा ग्रामस्थांसाठी सामुदायिक मानसिक व..."

"सर, डब्यात नाई बसत. लंबा होते."

"मग वर्तणूक काढ."

"तरी नाई बसत."

असं करत करत मानसिक गेलं, सामुदायिक गेलं, ग्रामस्थ गेले, शेवटी 'नाही'सुद्धा गेलं. उरलं फक्त 'गमत केंद्र, एकोडी'. मास्तरांना ते थोडं उघडंबोडकं वाटलं, पण तेवढ्यात त्यांची नजर दुकानाच्या पाटीवर गेली आणि त्यांचं पित्त खवळलं. पाटीवर 'नागरीक सुवीधा' असं लिहिलं होतं.

"भुपेंद्र! नागरिकातला रि पहिला! सुविधेतला वि पहिला! माझ्या वर्गात बसून हे शिकलास?"

भुपेंद्र मान खाली घालून ऐकत होता. मास्तर ऱ्हस्व-दीर्घाचे नियम उदाहरणांसह सांगत होते. आणि इकडे कॉम्प्युटरने 'गमत' हा शब्द पाहिला, त्याला तो चुकीचा वाटला, आणि त्याने आपल्या अकलेनुसार वर एक टिंब ठेवून दिलं. भुपेंद्रने बटण दाबलं. अर्ज गेला. ज्या माणसाने हजारो अनुस्वार पकडले, त्याच्या नाकावरून एक टिंब टिच्चून निघून गेलं, आणि तो बाजूला उभा राहून दुसऱ्याच्या वेलांट्या मोजत होता!

पुढे काही दिवसांनी भुपेंद्रचा फोन आला. "सर, मुंबईहून त्रुटी आली."

त्रुटी म्हणजे सरकारी अर्जाला येणारा ताप. एकदा आल्याशिवाय अर्ज मोठा होत नाही. जागेच्या रकान्यात मास्तरांनी लिहिलं होतं, 'मामा तलावाच्या पाळीजवळील समाजमंदिर'. आता आमच्याकडे मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे शेंबडं पोरही सांगेल. मालगुजारांनी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेले म्हणून माजी मालगुजारी, त्याचं झालं मामा. पण मुंबईच्या टेबलावर कोणाला ठाऊक? त्रुटीत लिहिलं होतं, 'तलाव अर्जदाराच्या मामांच्या मालकीचा दिसतो. मामांचे ना-हरकत पत्र जोडावे.'

मास्तरांनी मालगुजारी व्यवस्थेचा इतिहास पानभर लिहून पाठवला. उलट उत्तर आलं, 'संबंधित मालगुजारांचा मृत्यूचा दाखला जोडावा.' मालगुजार इंग्रजांच्या आधी की नंतर गेले, हेच गावात कोणाला नक्की सांगता येईना. मास्तर हताश होऊन ओट्यावर बसले.

"इतलीशी गोष्ट!" मारोतराव म्हणाले. "थ्याईले मामा पाहिजे ना? मी हाओ ना मामा!"

आणि त्यांनी सही करून दिली. 'मी मारोतराव, एकोडीचा मामा. माझी कोणतीच हरकत नाही.' मास्तरांना हे लबाडीचं वाटलं, लाजही वाटली. पण कागद गेला आणि त्रुटी मिटली. त्या दिवसापासून मारोतराव त्या तलावाकडे जरा मालकासारखं पाहायला लागले.

मग तो फोन आला. अधिकारी मॅडम प्रत्यक्ष पाहणीला येणार, सादरीकरण तयार ठेवा. सादरीकरण म्हटल्यावर मास्तरांनी मोठ्या कागदावर रंगीत खडूंनी तक्ते काढले, समाजमंदिर झाडून घेतलं, सतरंजी टाकली. यादीतली मंडळी स्वच्छ कपडे घालून ओळीने बसली. चहा करायला रुखमिणीबाईंना आणलं होतं. त्या मागच्या दाराशी चुलीपुढे बसल्या. मास्तर मनात म्हणाले, बस, आज मंजुरी झाली की हिचं काम झालं.

उर्वशी मॅडम साताऱ्याकडच्या, इकडे नव्याने बदलून आलेल्या, तरुण. आल्या, सतरंजीकडे पाहिलं, ओळीने बसलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"हा तुमचा संच का?"

"हो मॅडम. अजून वाढेल."

"वयाने बरेच ज्येष्ठ आहेत."

"या वयात हे जास्त होतं," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

"छान. आणि नाचतं कोण?"

मास्तर गडबडले. "नाचत कोणी नाही मॅडम. बसूनच असतात. काही जण तर बोलतसुद्धा नाहीत."

"म्हणजे नुसते हावभाव? वेगळाच प्रकार आहे," मॅडमनी कौतुकाने लिहून घेतलं. "पण रात्रभर चालतं असं मी ऐकलंय."

"रात्रभर! डोळ्याला डोळा लागत नाही त्यांचा."

"आणि ढोलकीवर कोण?"

आता मास्तर थांबले. मागून मामा हळूच म्हणाले, "ढोलकी पाहिजे का? आनू का?" मास्तरांनी त्यांना डोळ्यांनीच दटावलं आणि विचारलं, "मॅडम, क्षमा करा. मानसिक आरोग्याशी ढोलकीचा काय संबंध?"

"मानसिक?" मॅडमनी फाईल उघडून पुढे केली. "मी तर लोककलेच्या विभागाकडून आलेय. तुमचा अर्ज खडी गंमतच्या अनुदानासाठी आमच्याकडे वर्ग झालाय. हे बघा ना, गंमत केंद्र, एकोडी."

मास्तरांनी पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. टिंब होतं. चांगलं टपोरं, काळंभोर टिंब. जिथे कधी नव्हतं तिथे बसून ते मास्तरांकडे पाहत होतं. रात्र रात्र चालणारी, नाचाची, ढोलकीची, शाहिराची आमची खडी गंमत कुठे, आणि हे ओळीने बसलेलं गाव कुठे! मास्तरांचे कान लाल झाले. बसलेल्यांत त्यांचे काही जुने विद्यार्थीही होते. त्यातला एक मोठ्याने म्हणाला, "सर, अनुस्वाराचा अर्धा मार्क काटाल का?" आणि सगळं समाजमंदिर हसलं.

"मॅडम, तो शब्द गमत असा आहे," मास्तर घसा खाकरून म्हणाले. "गमणे, अकर्मक क्रियापद, करमणे या अर्थी पूर्व विदर्भाच्या बोलीत..."

"पण म्हणजे नेमकं काय होतं?" मॅडमनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "मला नाही कळलं. दुखतं का कुठे?"

मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की व्याकरण संपल्यावर पुढे सांगण्यासारखं आपल्याजवळ काही नाही. तेव्हा मागच्या दारातून आवाज आला.

"दुखत काईच नाई, बाई."

चहाचा ट्रे हातात धरून रुखमिणीबाई उभ्या होत्या.

"कसं सांगू तुमाले? ताप नाई, खोकला नाई. घर आहे, भात आहे. पोरगी सुखात आहे. मास्तर भले मानूस आहेत, बोलतेत जास्त, पन भले आहेत. सारं आहे. पन सकाळी उठलं का वाटते, आज कायले उठलो? चहा ओततो, अन् थो तिथंच थंडा होते. कोनी बोललं तर आयकू येते, पन आत नाई जात. थ्याले म्हनते गमत नाई."

चंद्रभागाबाईंनी तोंडाला पदर लावला. मास्तर वेड्यासारखे बायकोकडे पाहत राहिले.

"मग तुम्ही काय करता?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

"काय करन? वाट पाह्यतो. कोनी इचारन म्हनून." रुखमिणीबाईंनी ट्रे खाली ठेवला. "हे साऱ्या गावाले इचारून आले, गमते का, गमते का. मामाले इचारलं. चंद्रभागेले इचारलं. एका मलेच नाई इचारलं."

मास्तरांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तक्ते भिंतीवर फडफडत होते. त्यांचं ते शुद्ध मराठी कुठल्या कुठे पळालं आणि सगळ्यांसमोर ते एवढंच म्हणाले, "मले भेव वाटे, रुखमिणी. तू हो म्हनशीन तर मी काय करू, याचं भेव वाटे."

"काई नोको करू," बाई म्हणाल्या. नवऱ्याला त्यांनी चारचौघांत पहिल्यांदाच अरेतुरे केलं, आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही. "बसाचं जवळ."

उर्वशी मॅडमनी तो चहा अगदी सावकाश प्यायला. जाताना त्यांनी रुखमिणीबाईंना बाजूला घेऊन विचारलं, की घरापासून लांब राहिल्यावरही असंच होतं का हो? बाई म्हणाल्या, "होते ना. तुमी बी येत जा."

मॅडम खटपटी निघाल्या. लोककलेचं अनुदान म्हाताऱ्यांना नुसतं बसण्यासाठी देता येईना, पण समाजमंदिराची डागडुजी, एक ढोलकी आणि एक बोर्ड एवढं मंजूर कागदातच होतं, ते आलं. आरोग्याच्या कचेरीतही त्या स्वतः जाऊन बोलल्या. तिथल्या मनाच्या डॉक्टरीणबाई दर बुधवारी खेड्यांत फिरतच होत्या. त्यांना हवी होती फक्त एक खोली आणि न लाजता येणारी माणसं.

पहिल्या बुधवारी सकाळीच मास्तर शिडी आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन समाजमंदिरापुढे हजर. दारावर नवाकोरा बोर्ड झळकत होता. 'गंमत केंद्र, एकोडी'. आणि वर ते टिंब, आता ताटलीएवढं, हायवेवरच्या ट्रकलाही दिसेल असं! रात्री मास्तरांना झोप आली नव्हती. बाकी कशाने नाही, त्या टिंबाने. शुद्धलेखनाचा मास्तर, आणि त्याच्याच खटपटीने त्याच्याच गावात एवढी मोठी चूक कायमची टांगलेली! शिडी लावून ते वर चढले, ब्रश बुडवला, हात टिंबापाशी नेला.

"काय करून राहिले?"

खाली रुखमिणीबाई उभ्या होत्या. धुतलेलं लुगडं, केसांना तेल. सोबत चंद्रभागाबाई. दोघींचं रस्ताभर कशावरून तरी भांडण झालेलं दिसत होतं.

"चूक आहे. पुसतो," मास्तर वरून म्हणाले.

"राहू द्या."

"अवं, पन अशुद्ध आहे!"

"आता येता येता थे वांगीवाली भेटली. कुठं चालल्या मास्तरीणबाई, म्हने," रुखमिणीबाई म्हणाल्या. "मी म्हनलं, गंमत केंद्रात. तर म्हनते, मी बी येऊ का? टिंब पुसलं तर मी तिले काय सांगू? मी कुठं जाऊन राहिलो म्हनू?"

मास्तर शिडीवर थांबले. ब्रशवरून पांढरा रंग ठिबकून त्यांच्या चपलेवर पडत होता. तलावाच्या बांधावरून, पाळीवरून आणखी चारपाच जण येत होते, पुढे मामा, गळ्यात ढोलकी. आत डॉक्टरीणबाईंनी खुर्च्या मांडल्याचा आवाज आला.

मास्तरांनी ब्रश डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि ते खाली उतरले. त्यांच्या उभ्या आयुष्यात ही पहिलीच चूक, जी त्यांनी पाहिली आणि तशीच राहू दिली.

"गमते का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाई," रुखमिणीबाई म्हणाल्या. मग पायरीवर चढता चढता मागे वळल्या. "पन परवा बाजारात जाऊ. त्या वांगीवालीशी मले बोलाचं आहे. मागची वांगी किडकी दिली होती तिनं."